दरपाउंडी नाना

नानांना कुठल्याही वस्तूची नुसती किंमत सांगून चालत नाही. "चीजचं पाकीट सहा डॉलरला मिळालं," असं कुणी उत्साहाने म्हणालं की नाना चष्मा कपाळावर चढवतात, समोरच्याकडे दयेने बघतात आणि विचारतात, "पाकीट खाणार आहेस का? पाउंडाला काय पडलं ते सांग." समोरच्याला ते ठाऊक नसतं. पाकीट आठ औंसांचं होतं की बारा, हेही आठवत नसतं. मग नाना गप्प बसतात. नानांचं गप्प बसणं फार महागात पडतं, कारण पुढच्या शनिवारी ते त्या माणसाला गाडीत घालून कॉस्टको या ठोक दुकानात नेतात.

न्यू जर्सीत एडिसन, इझलिन, ओक ट्री रोडच्या परिसरात जी मराठी वस्ती आहे, तिच्यात असा एखादा नाना असतोच. ह्यूस्टनला असतो, शिकागोला असतो, फ्रीमाँटलाही असतो. कुठे त्याला अण्णा म्हणतात, कुठे भाऊ. वय सत्तरीच्या आगेमागे. घराचं कर्ज फिटलेलं. मुलगा कॅलिफोर्नियात, मुलगी बॉस्टनला, दोघांचंही झकास चाललेलं. गराजमध्ये जपानी गाडी आणि तिचं ऑइल अजून स्वतःच्या हाताने बदलायची हौस. डॉलर-दोन डॉलरसाठी अडावं अशी परिस्थिती कधीच मागे पडली. तरी हा गृहस्थ चीजच्या फ्रीजपुढे अर्धा अर्धा तास तपश्चर्या करतो, कारण आपल्याला कुणी बनवलेलं नाही याची त्याला खात्री हवी असते. वाचलेले पैसे तो संध्याकाळी पाहुण्यांवर खुशाल उधळेल. पण दुकानदाराला एक पेनीसुद्धा जास्त गेलेली चालायची नाही.

या स्वभावाचं मूळ सांगलीत आहे. नानांचे वडील हळदीच्या पेढीवर दिवाणजी होते. पोतं उघडलं की ते मूठभर हळकुंडं उचलायचे, त्यातलं एक मोडायचे, मोडल्याचा आवाज ऐकायचे, आतला रंग उजेडात धरायचे आणि मगच तोंड उघडायचे. "वरचा रंग विकणाऱ्याचा, आतला घेणाऱ्याचा," हे त्यांचं वाक्य नाना अजून ऐकवतात. नाना पुढे वालचंद कॉलेजातून इंजिनिअर झाले, 1985 साली अमेरिकेत आले, टेलिफोन कंपनीत सगळी नोकरी काढली. पण पिंड पेढीवरचाच राहिला. चीज दुकानात मोडून बघू देत नाहीत, एवढी एकच गोष्ट त्यांना अमेरिकेची पटलेली नाही.

अमेरिकेत येईपर्यंत नानांना एकच चीज माहीत होतं: अमूलचं, पत्र्याच्या डब्यातलं, पाहुणे आले की उघडायचं. इथे पहिल्याच आठवड्यात रूममेटने केशरी रंगाचे, एकेक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेले चौकोन आणले. नानांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. तिथे नुसतं 'चीज' नव्हतं. 'पाश्चराइज्ड प्रोसेस चीज फूड' असं लांबलचक होतं. चौकशी केल्यावर कळलं, की हे नाव लावायचं तर सरकारी नियमाप्रमाणे मालात निदान 51 टक्के चीज असावं लागतं. नानांनी रूममेटला विचारलं, "आणि उरलेले 49 टक्के?" रूममेट म्हणाला, "खा ना बाबा आता." त्या दिवसापासून नाना उरलेल्या 49 टक्क्यांच्या मागे आहेत.

कॉस्टको हे नानांचं दैवत. तिथे ते मेंबर आहेत हे सांगताना त्यांची मान जरा ताठ होते. सुपरमार्केटात तीस-चाळीस हजार प्रकारचा माल असतो, कॉस्टकोत जेमतेम चार हजार. दुसऱ्याला यात गैरसोय दिसेल. नानांना सोय दिसते. "निवड त्यांनी आधीच करून ठेवलीय. आपण फक्त चुका काढायच्या." शिवाय हे दुकान खरेदीच्या किमतीवर साधारण 14-15 टक्क्यांपेक्षा जास्त चढवत नाही, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. दलाली बांधलेली असली की पेढी सरळ, हा वडिलांचा सिद्धान्त.

दीड डॉलरचा हॉट डॉग हे या श्रद्धेचं मर्मस्थान. हॉट डॉग आणि सोडा मिळून दीड डॉलर, हा भाव 1985 पासून तसाच आहे. नाना ज्या वर्षी आले त्या वर्षीचा भाव! नाना हॉट डॉग खात नाहीत. तो गायीचा असतो. पण बाहेर पडताना त्या पाटीपुढे क्षणभर थांबतात. "खायचं नाही रे, पण बघून बरं वाटतं," म्हणतात.

मेंबरशिपचा हिशेबही त्यांनी मांडून ठेवलाय. साधं कार्ड वर्षाला 65 डॉलर, वरच्या दर्जाचं 130. वरच्या कार्डावर खरेदीच्या 2 टक्के रक्कम परत मिळते. म्हणजे जादा 65 डॉलर वसूल व्हायला वर्षाला 3250 डॉलरचा माल घ्यायला हवा. दोघा म्हाताऱ्यांना एवढं काय लागतंय? नानांनी वरचंच कार्ड घेतलं आणि ते वसूल करण्यासाठी खरेदी वाढवली. या व्यवहारातली गोम त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना एकदाच दाखवली. नाना म्हणाले, "अगं, ते वेगळं खातं आहे."

नानांबरोबर कॉस्टकोला जायचं म्हणजे काही शिस्त पाळावी लागते. टीव्ही आणि बागेतल्या खुर्च्यांकडे बघायचं नाही. वाटेत कुणी टोपी घालून छोट्या कपात चाखायला काही देत असेल, तर येताना घ्यायचं, जाताना नाही. "खरेदीच्या आधी खाल्लं की ती लाच. खरेदीनंतर खाल्लं की तो हक्क." खिशात भिंग, छोटा कॅल्क्युलेटर आणि निळ्या पुठ्ठ्याची वही. फोनमध्ये कॅल्क्युलेटर असतो हे त्यांना माहीत आहे. पण हिशेब सुरू असताना मुलीचा फोन आला तर आकडा जातो, म्हणून वेगळा.

चीजच्या फ्रीजपाशी आल्यावर नाना आधी मालाकडे बघत नाहीत, पाटीकडे बघतात. पाटीवर किंमत मोठ्या अक्षरांत असते आणि पाउंडाचा भाव कोपऱ्यात बारीक. नाना मोठ्या अक्षरांवर अंगठा ठेवतात आणि बारीक वाचतात. मग शिकाऊ मंडळींना धडा मिळतो. किमतीच्या शेवटी 99 म्हणजे नेहमीचा भाव. 97 म्हणजे दुकानानेच उतरवलेला. पाटीच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात चांदणी असेल तर हा माल संपला की पुन्हा येईलच असं नाही. 97 आणि चांदणी एकाच पाटीवर दिसली की नानांचा आवाज खाली येतो. "घे. आत्ता घे. मोठ्याने बोलू नकोस."

पुढचा धडा भाव का पडतो किंवा चढतो, याचा. इथे पेढीवरचे दिवाणजी नानांच्या तोंडून बोलतात. "हे बघ, दहा पाउंड दुधाचं एक पाउंड चीज. बाकीचं पाणी गेलं. हा झाला कच्चा माल. आता ते दोन वर्षं पिकवायचं म्हणजे गोदामभाडं आलं. साफसफाई, उलथापालथ करायला माणूस आला. अडकलेल्या पैशाचं व्याज आलं. वर वजनात घट आली, कारण चीज सुकतं. एवढं सगळं धरून भाव रास्त वाटला तर उचलायचं. दोन-तीन महिन्यांच्या मालाला सुंदर कागद गुंडाळून दोन वर्षांचा भाव लावला असेल तर नमस्कार करायचा." माइल्ड, मीडियम, शार्प ही सगळी वयाची भानगड आहे, आणि केशरी चेडर हे पांढऱ्या चेडरहून श्रेष्ठ नसून त्यात शेंदरीच्या बियांचा रंग असतो, हेही ते ओघात सांगून टाकतात. वडिलांचं वाक्य येतंच मागून: वरचा रंग विकणाऱ्याचा.

एकदा एक नवं जोडपं इंग्लंडच्या डॉर्सेटमधलं जुनं चेडर हातात घेऊन उभं होतं. मुलीला त्यात पांढरे कण दिसले. "खराब झालंय वाटतं," असं ती मराठीतच नवऱ्याला म्हणाली आणि पाकीट परत ठेवून दोघं पुढे गेली. नानांनी आपली कार्ट माझ्या हवाली केली, ते पाकीट उचललं आणि थेट टॉयलेट पेपरच्या रांगेपर्यंत त्यांचा पाठलाग केला. "बाळ, तो दोष नाही, वय आहे! चीज पिकलं की त्यात खडे धरतात. चेडरवर कॅल्शियम लॅक्टेट, पार्मिजानोत टायरोसीन. दाताखाली कुरकुरतं ते हेच. त्याचेच तर पैसे!" मुलगी घाबरून नवऱ्याच्या मागे गेली. पाच मिनिटांनी ती दोघं नानांच्या मागे मागे फिरत होती आणि त्यांच्या कार्टमध्ये ते चेडर होतं. आता ती मंडळाच्या गणपतीत नानांना वाकून नमस्कार करते.

नानांचं खरं कसब बघायचं तर पार्मिजानो रेज्जानोच्या पेटीपाशी. कॉस्टकोच्या कर्कलंड नावाने मिळणारं हे चीज खास इटलीचं, 24 महिने पिकवलेलं. नियमाने 12 महिने पुरतात. म्हणजे वर्षभराचं जादा गोदामभाडं इटलीवाल्यांनी भरलंय, हे नानांना फार सुखावतं. अमेरिकेत 'पार्मेजान' हे नाव इथल्याच दुधाच्या, दहा महिन्यांच्या चीजलाही लावता येतं. 'पार्मिजानो रेज्जानो' म्हणायचं तर ते पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना आणि बोलोन्या-मांतोव्हाचा ठरलेला भाग एवढ्याच मुलखात व्हायला हवं. दूध, मीठ आणि दूध जमवणारं रेनेट, चौथी वस्तू नाही. एकेक चाक चाळीस किलोच्या आसपास, त्याला पाचशे लिटरच्या वर दूध. सालीवर टिंबाटिंबांनी चीजचं नाव उमटवलेलं असतं. नाना प्रत्येक तुकड्याच्या सालीवर बोट फिरवून टिंबं वाचतात आणि मग मूळ मुद्द्यावर येतात: साल किती आहे?

इथले तुकडे एका वजनाचे नसतात. प्रत्येकावर त्याचं वजन आणि त्याची किंमत वेगळी. पाउंडाचा भाव तोच, पण एखाद्या तुकड्याला एकाच बाजूला साल, तर चाकाच्या कडेच्या तुकड्याला दोन बाजूंना. साल किसता येत नाही आणि भाव तिलाही पूर्ण लागतो. नाना पेटीतले सगळे तुकडे उलथेपालथे करतात, सालीची जाडी नखाने मोजतात, तीन बाजूला काढतात, त्यांत पुन्हा सामना लावतात. तेवढ्यात काळा कोट घातलेली एक इटालियन आजी येते. ती दर शनिवारी येते. तिचे आजोबा नेपल्सहून न्यूअर्कला आले होते, असं नानांनी शोधून काढलंय. दोघं एकमेकांकडे बघून मान लववतात. दोन मठांचे स्वामी यात्रेत समोरासमोर यावेत तसे. मग आजी नानांनी सालीपायी नाकारलेला तुकडा शांतपणे उचलते. "साल टाकायची नसते रे," ती म्हणते. "सूपमध्ये घालायची. तासभर उकळायची. चव तिच्यातच असते." पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा नाना घरी येताना गाडीत एक अक्षर बोलले नाहीत. त्यानंतर त्यांच्या फ्रीजरमध्ये सालींची एक पिशवी जमू लागली आणि नाना टोमॅटोचं सूप स्वतः करू लागले.

किसून पाकिटात भरलेल्या चीजपाशी मात्र आजी आणि नाना एकाच पक्षाचे. पाकिटावर 'सेल्युलोज' असं लिहिलेलं दिसलं, की नाना मोठ्याने "भुसा!" म्हणतात. खरं तर तो खाण्यायोग्य तंतू असतो, चीजचा कीस एकमेकांना चिकटू नये म्हणून घातलेला. कुठे त्याऐवजी बटाट्याचा स्टार्च असतो. अपाय काही नाही, फक्त वितळताना ते चीज अखंड चीजसारखं एकजीव होत नाही. हे मी नानांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. "ठीक आहे, अपाय नाही. पण भुशाला चीजचा भाव का?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. दोन पाउंडांचा ठोकळा घ्यायचा, घरी किसायचा आणि लागेल तसा फ्रीजरमधून काढायचा, हा नानांचा नियम. किसणी मात्र काकू धुतात.

सहकारी संस्था म्हटलं की नाना विरघळतात. शेवटी सांगलीचा माणूस. व्हरमाँटचं कॅबट आणि ऑरेगॉनचं टिलामुक ही दोन्ही चीजं दूध उत्पादकांच्या सहकारी संस्थांची. टिलामुकची 1909 सालची, कॅबटची 1919 सालची. हे कळलं त्या दिवशी नानांनी दोन्ही ठोकळे घेतले, भाव न बघता. त्यांच्या वहीत भावाचा रकाना रिकामा असलेली ती एकच नोंद आहे. नंतर ते माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "यांच्यात चेअरमनपदासाठी पॅनल पडतात का रे?"

या सगळ्या साम्राज्याला एकदा हादरा बसला, तो चातुर्मासात. मुलगी बॉस्टनहून आली होती. पार्मिजानोच्या पाकिटावर बोट ठेवून ती आईला म्हणाली, "आई, यात रेनेट आहे. वासराच्या पोटातलं. इटलीच्या नियमानेच तसं लागतं." काकू कट्टर शाकाहारी. त्यांनी हातातला डाव खाली ठेवला. "अहो, इतकी वर्षं मी काय खात होते?" नानांनी कधी नव्हे ते पाउंडाचा भाव सांगितला नाही.

मग घरात संशोधन सुरू झालं. नानांनी भिंगाने फ्रीजमधलं एकेक पाकीट वाचलं. कॅबटच्या चेडरवर 'मायक्रोबिअल एन्झाइम' होतं. "हे चालेल तुला. हे बुरशीपासून करतात." काकू म्हणाल्या, "बुरशी?" नाना म्हणाले, "चांगली बुरशी." मग तिसरा प्रकार निघाला: वासराच्या पोटातलं दूध जमवणारं जे द्रव्य, त्याचं जनुक सूक्ष्मजीवात घालायचं आणि ते द्रव्य टाकीत तयार करून घ्यायचं. 1990 साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि आज इथलं बहुतेक चीज त्यानेच जमवतात. वासराला हात लागत नाही; पण मूळ गुण त्याचाच. हे शाकाहारी की कसं? नानांना काही ठरवता येईना. काकू थोडा वेळ विचार करत बसल्या आणि त्यांनी निकाल दिला: "मागच्या जन्मीचं वासरू या जन्मी मोजत नाहीत. चालेल."

तेव्हापासून नानांच्या फ्रीजमध्ये दोन कप्पे आहेत. वरचा सोवळ्याचा, त्यात कॅबट वगैरे. खालचा ओवळ्याचा, त्यात पार्मिजानो आणि स्वित्झर्लंडचं ग्रुयेर, कारण त्यालाही वासराचंच रेनेट. किसण्याही दोन. ओवळ्याच्या किसणीला लाल दोरा बांधलाय. सांगलीच्या आजीने सत्तर वर्षांपूर्वी जे स्वयंपाकघर मोडीत काढलं, ते नातवाच्या फ्रीजमध्ये एडिसनला पुन्हा थाटलं गेलं. नाना आता रात्री काकू झोपल्यावर मऊ भात, तूप, मेतकूट घेतात आणि वर लाल दोऱ्याच्या किसणीने पार्मिजानो पाडतात. ही चव मी घेतलेली आहे. तिच्याबद्दल मी काकूंसमोर बोलणार नाही.

नानांचा पाडाव इटलीने केला नाही की बुरशीने. तो ब्रीने केला. ब्री मऊ चीज. पार्मिजानोसारखं महिनोन् महिने राहत नाही. ते एकदा 97 आणि चांदणी, दोन्ही घेऊन नानांना भेटलं. नानांनी दोन मोठी चाकं उचलली. घरात खाणारी माणसं दीड: नाना पूर्ण आणि नात सुट्टीत आली तर अर्धी. काकूंनी वरचा कप्पा सोडून कशाला हात लावला नसता. तीन आठवड्यांनी ब्रीला अमोनियाचा वास सुटला आणि काकूंनी नाक धरून ते कचऱ्यात टाकलं.

टाकण्याआधी मात्र त्यांनी ते वजनकाट्यावर ठेवलं. काकू लग्नाआधी मिरजेच्या शाळेत गणित शिकवत, ही गोष्ट नाना विसरले होते. काकूंनी निळी वही मागितली आणि नानांच्याच पेनने लिहिलं: आणलं दोन पाउंड, दिले दहा डॉलर, पाउंडाला पाच. टाकलं दीड पाउंड. खाल्लं अर्धा. खाल्लेल्याचा भाव पाउंडाला वीस डॉलर. खाली दोन रेघा मारल्या. "अहो, ओक ट्री रोडच्या कोपऱ्यावर तो इटालियन वाणी आहे ना, तो अर्धा पाउंड आठ डॉलरला देतो. आणि पिशवी फुकट."

नाना दोन दिवस अबोल होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा तीन घरांना चहाला बोलावलं आणि टेबलावर चिठ्ठ्या ठेवल्या. चीजची भिशी. दर महिन्याला ज्याचं नाव निघेल त्याने कॉस्टकोतून दोन प्रकारचं चीज आणायचं, एक पिकलेलं, एक ताजं, आणि रविवारी नानांच्या टेबलावर त्याचे चार वाटे करायचे. नियम नानांनी आधीच टाइप करून आणले होते. कापणाऱ्याने आपला वाटा शेवटी उचलायचा, म्हणजे हात आपोआप समान चालतो. चीज घट्ट प्लॅस्टिकमध्ये कोंडायचं नाही. मेणकागदात गुंडाळून सैल पिशवीत ठेवायचं. कडक चीजला कुठे बुरशी आली तर आजूबाजूचं आणि खालचं इंचभर कापून बाकीचं खायचं. मऊ चीजला आली तर सगळंच टाकायचं, रडायचं नाही. हिशेब निळ्या वहीत. भावाच्या रकान्याशेजारी काकूंनी आपल्या अक्षरात नवा रकाना आखलाय: "टाकलं किती." गेले कित्येक महिने त्या रकान्यात शून्य आहे आणि प्रत्येक शून्य नाना पाहुण्यांना दाखवतात.

भिशीमुळे नानांचा अभ्यास थांबलेला नाही. उलट आता चार घरांची जबाबदारी अंगावर पडल्याने ते पाट्या अधिकच बारकाईने वाचतात. मँचेगोच्या सालीवरची वेणीची नक्षी खरी कशी ओळखायची हे त्यांनी मागच्या वेळी समजावलं. ते मेंढीच्या दुधाचं असतं हे ऐकून एका घराने आपला वाटा दुसऱ्याला दिला, त्याचीही वहीत नोंद आहे. गेल्या हिवाळ्यात सांगलीला गेले असताना पुतण्याने त्यांना मॉलमध्ये नेलं. तिथे आयात शुल्क भरून आलेल्या पार्मिजानोच्या शंभर ग्रॅमच्या तुकड्याचा भाव नानांनी आधी पाउंडात, मग डॉलरात नेला आणि बाकावर टेकले. पुतण्याने पाणी आणून दिलं. उठल्यावर नानांनी पहिला प्रश्न विचारला, "इथे तुमच्या ओळखीची चार घरं आहेत का?"

नानांची चेष्टा करणं सोपं आहे. आम्ही सगळेच करतो आणि रविवारी आपापला वाटा घ्यायला न चुकता हजर असतो. एवढं मात्र कबूल करायला हवं, की चांगलं चीज परवडणाऱ्या भावात मिळायची युक्ती त्यांना सापडली आहे आणि ती भिंगात नव्हती, कॅल्क्युलेटरातही नव्हती. ठोक दुकानाचा भाव हा गावजेवणाचा भाव असतो. तो दोन माणसांच्या फ्रीजला लावला की मालक बुडतो. तेव्हा तुम्ही न्यू जर्सीत असा की पुण्यात, मोठ्या दुकानाचं कार्ड काढायच्या आधी तीन शेजारी जमवा. पाउंडाचा भाव बघायला नाना आहेतच.